जंजिरा : 'हम' म्हणजे आम्ही की आपण?

गेल्या वर्षी थंडीत आमच्या शाळेची सहल मुरूड-जंजिऱ्याला गेली होती. उर्दू माध्यमाची सातवीची मुले आणि आम्ही तीन शिक्षक. राजापुरीच्या बंदरावर शिडाच्या होडीत बसलो. होडीत पुण्याकडची दोन कुटुंबेही होती. किल्ला जवळ आला तसा माहिती सांगणारा माणूस उभा राहिला आणि नेहमीचे ऐकवू लागला. शिवाजी महाराजांना हा किल्ला घेता आला नाही, संभाजी महाराजांना नाही, पेशव्यांना नाही, इंग्रजांना नाही. पुण्याकडच्या एका गृहस्थांनी मोठा सुस्कारा टाकला. आमची मुले एकदम गप्प झाली. परतताना एका मुलाने मला हळूच विचारले, "सर, उस वक्त हम किसकी तरफ थे?"

मी उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवतो. उर्दूत 'हम' हा एकच शब्द आहे. मराठीत मात्र दोन आहेत. 'आम्ही' म्हटले की समोरचा बाहेर राहतो, 'आपण' म्हटले की तोही आत येतो. मुलाच्या 'हम'चे मराठी काय करायचे, हेच मला त्या होडीत सुचेना. त्याला तेव्हा "घरी गेल्यावर सांगतो" म्हणून गप्प केले. हा लेख म्हणजे ते उशिराचे उत्तर आहे.

किल्ल्याआधीचे बेट

'जंजिरा' हा शब्द अरबी 'जझीरा'वरून आला. त्याचा अर्थ बेट. म्हणजे 'जंजिरा बेट' म्हणताना आपण एकच गोष्ट दोनदा म्हणतो. या बेटावर आधी कोळ्यांची वस्ती होती, हे सगळेच सांगतात. समुद्री लुटारूंपासून बचाव म्हणून कोळ्यांनी लाकडी ओंडके रोवून कोट उभारला, तो मेढेकोट. त्यांचा प्रमुख राम पाटील. तो अहमदनगरच्या निजामशाही अधिकाऱ्याला जुमानेना, तेव्हा पिरमखान व्यापाऱ्याच्या वेषात गलबत घेऊन आला, दारूची पिंपे भेट दिली आणि कोळी झिंगल्यावर बेट ताब्यात घेतले, अशी कथा आहे. पुढे बुऱ्हाणखानाच्या काळात, १५६७ ते १५७१ या वर्षांत, दगडी तट उभा राहिला. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला सिद्दींची सत्ता इथे पक्की झाली आणि १९४८पर्यंत टिकली.

सिद्दी म्हणजे हबशी, आफ्रिकेतल्या अॅबिसिनियाकडून आलेले लोक. त्यांच्यातले कितीतरी जण गुलाम म्हणून विकले जाऊन दख्खनमध्ये पोहोचले आणि तलवारीच्या जोरावर सरदार झाले. मलिक अंबरचे उदाहरण सर्वांना माहीत आहे. जंजिऱ्याच्या मुलखाला मराठी कागदांत 'हबसाण' म्हणतात ते यामुळेच. इथे बराच काळ बापामागे मुलगा गादीवर येईलच असे नव्हते. सरदारांमधला जो कर्तबगार, तो प्रमुख होई.

आता हे आमच्या मुलांना सांगायला हवे की कोकणी मुसलमान आणि सिद्दी एक नव्हेत. आमचे पूर्वज या किनाऱ्यावर सिद्दींच्या आधीपासून होते. व्यापारी, खलाशी, शेतकरी, मासेमार. सिद्दी त्यांचेही राज्यकर्ते होते, जसे ते कोळ्यांचे, आगऱ्यांचे आणि ब्राह्मणांचे होते. धर्म एक म्हणून सारा माफ झाला नाही.

सणाच्या रात्रीचा इतिहास

जंजिऱ्याच्या लढायांचा इतिहास वाचताना एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. त्यात सण पुन्हा पुन्हा येतात.

शिवाजी महाराजांनी किनाऱ्यावरची दंडाराजपुरी घेतली होती. १६७१ मध्ये होळीच्या रात्री तिथले मराठी सैन्य शिमग्याच्या धुंदीत असताना सिद्दी कासमने हल्ला केला. दारूगोळ्याच्या कोठाराचा भडका उडाला आणि दंडाराजपुरी हातची गेली. ज्या होळीभोवती कोळीवाडा नाचतो, त्याच होळीची ही दुसरी आठवण.

दुसरी घटना १७२७ची. महाशिवरात्रीच्या वेळी अंजनवेल-गोवळकोटचा अधिकारी सिद्दी सात याने चिपळूणजवळचे परशुराम देवस्थान लुटले, भ्रष्ट केले. निमित्त एका हत्तीवरून झालेल्या भांडणाचे होते. हे कृत्य वाईट होते, आणि आपल्या मुलांना ते सांगताना आपण आवाज खाली आणू नये. पण त्याच इतिहासात हेही आहे की त्या देवस्थानच्या ब्रह्मेंद्रस्वामींचा आधीच्या सिद्दी याकूतखानाने मान ठेवला होता आणि देवस्थानाला इनामही दिले होते. एका सिद्दीने दिले, दुसऱ्याने लुटले. १७३६ मध्ये चिमाजी अप्पांशी झालेल्या लढाईत सिद्दी सात मारला गेला.

सिद्दींच्या आरमाराने किनाऱ्यावरची गावे जाळली, माणसे धरून नेली, हेही खरे. ज्यांचे पूर्वज स्वतः विकले गेले होते, त्यांनी पुढे इतरांची माणसे धरून न्यावीत, ही इतिहासातली सर्वांत कडू गोष्ट मला वाटते. ती लपवून कोणाचा मान वाढत नाही.

कोण कोणाच्या बाजूला?

मग त्या मुलाच्या प्रश्नाकडे येऊ. दोन्हीकडची माणसे नीट पाहा.

शिवाजी महाराजांच्या आरमाराचा एक प्रमुख दौलतखान. १६७९ मध्ये खांदेरी बेटासाठी इंग्रज आणि सिद्दी यांच्याशी जे युद्ध झाले, त्यात मायनाक भंडारी आणि दौलतखान एकाच बाजूने लढले. सिद्दी मिसरी हा तर जातीचा सिद्दी असून मराठ्यांच्या आरमारात होता. उलट सिद्दींच्या गलबतांवर कोळी खलाशी होते आणि दफ्तरात मराठी लिहिणारे हिंदू कारकून होते. पहिले पेशवे बाळाजी विश्वनाथ यांचे भट घराणे याच मुलखातले, श्रीवर्धनचे देशमुख. पुढे सिद्दींशी बिनसल्यावर त्यांना गाव सोडावे लागले.

जंजिऱ्याला शह द्यायला महाराजांनी जवळच्या कांसा बेटावर पद्मदुर्ग बांधला. त्याला रसद वेळेवर पोहोचवली नाही म्हणून जानेवारी १६७५ मध्ये महाराजांनी प्रभावळीचा सुभेदार जिवाजी विनायक याला खरमरीत पत्र लिहिले. सिद्दीने फितवले की काय, असा संशय त्यात आहे, आणि ब्राह्मण म्हणून गय केली जाणार नाही असेही बजावले आहे. म्हणजे महाराज स्वतः माणसाची बाजू त्याच्या जातीवरून ठरवत नव्हते. त्याने काम केले की नाही, हे पाहत होते.

आणि पद्मदुर्गाचा लाय पाटील. हा सोनकोळी. मोरोपंत पेशव्यांच्या मोहिमेत त्याने रात्री जंजिऱ्याच्या तटाला शिड्या लावून ठेवल्या. पंतांची माणसे वेळेवर आलीच नाहीत. उजाडायला लागल्यावर त्याने शिड्या काढून घेतल्या. मोहीम फसली, पण महाराजांनी त्याला पालखीचा मान दिला. तो म्हणाला, आम्ही दर्यावरची माणसे, पालखी घेऊन काय करू? तेव्हा महाराजांनी त्याला एक गलबत दिले आणि गलबताचेच नाव 'पालखी' ठेवले, असे सांगतात. ही गोष्ट मी वर्गात सांगतो तेव्हा मुले नेहमी हसतात आणि मग लाय पाटलाच्या बाजूने होतात. त्या क्षणी तो त्यांच्या गावचा माणूस असतो.

किल्ल्याच्या आतले गाव

जंजिरा पाहायला येणारा माणूस तोफ पाहतो. कलालबांगडीजवळ फोटो काढतो. पहिल्या दरवाजावरचे ते शिल्प पाहतो, ज्यात एका वाघासारख्या प्राण्याने हत्ती पंजांत, तोंडात आणि शेपटीत पकडले आहेत. बुरूज मोजतो, ते १९ आहेत. पण हे गाव होते, हे त्याला कोणी सांगत नाही.

तटाच्या आत तीन मोहल्ले होते. दोन मुसलमानांचे, एक इतरांचा. चारी बाजूंना खारे पाणी आणि मध्ये गोड्या पाण्याचे तलाव. आज पडलेला सुरूलखानाचा वाडा दिसतो, पण त्याच्या आजूबाजूला जी जोती गवतात बुडाली आहेत ती साध्या माणसांच्या घरांची आहेत. माझ्या नानीचा जन्म त्यातल्याच एका घरात झाला. ती सांगायची की मृग लागायच्या आधी तांदूळ, मीठ, सुकी मासळी, लाकडे सगळे भरून ठेवावे लागे, कारण दर्या खवळला की राजापुरी हाकेच्या अंतरावर असूनही परदेशासारखी होई. लग्न ठरले की वरात होडीतून यायची. आजही पावसाळ्यात होड्या बंद असतात आणि किल्ला एकटा असतो.

नवाबांचा मुक्काम पुढे मुरूडला गेला. सिद्दी अहमदखान यांच्या काळात मुरूडला राजवाडा झाला, गारंबीच्या धरणाचे पाणी गावात आले. त्यांच्या बेगम नाझली यांनी युरोपचा प्रवास करून उर्दूत प्रवासवर्णन लिहिले. मौलाना शिबली नोमानी इथे येऊन राहिले. १९०१च्या जनगणनेत जंजिरा संस्थानची लोकसंख्या ८५,४१४ होती आणि तीत बहुसंख्य हिंदू होते. १९४८च्या सुरुवातीला प्रजेच्या चळवळीने जोर धरला आणि त्याच वर्षी मार्चमध्ये संस्थान विलीन झाले. राजाश्रय संपला, पोटापाण्यासाठी माणसे मुरूड, राजापुरी, मुंबईकडे गेली. कोणी हल्ला केला नाही, कोणी तट फोडला नाही. 'अजिंक्य' किल्ला माणसांनीच हळूहळू रिकामा केला.

पीर पंचायतन

दरवाजातून आत गेल्यावर जवळच पीर पंचायतन आहे. पाच पिरांची थडगी. आवारात लोखंडी तोफगोळे पडलेले आहेत. या नावाशी मी नेहमी थबकतो. माझ्यातल्या उर्दूच्या शिक्षकाला 'पंजतन' आठवते, मराठीच्या शिक्षकाला देवघरातले 'पंचायतन'. दोघेही आपापल्या जागी बरोबर वाटतात, आणि गावाने मात्र कोणालाच नाराज न करता एक नाव ठेवून दिले आहे.

नानी किल्ला सोडून गेली तरी वर्षातून एकदा होडी करून पिराला यायची. अगरबत्ती, फुले, नारळ, फातिहा. होडीवाला कोळी. तो होडी बांधून आत यायचा आणि तोही फूल वाहायचा. नारळी पौर्णिमेला राजापुरी-मुरूडचे कोळी दर्याला नारळ देत, तेव्हा नानी आमच्या दारात उभी राहून दुआ मागायची, कारण आमच्या घरातलेही दोघे गलबतावर होते. मुरूडच्या दत्तजयंतीच्या जत्रेतून तिने आणलेली लाकडी बैलगाडी माझ्याकडे अजून आहे.

आज दोन्हीकडून दोर आवळले जात आहेत. आमच्याकडे काही तरुण म्हणतात, उरूस, नवस, चादर हे दीनमध्ये नाही, जाऊ नका. हा वाद जुना आहे आणि त्यांच्या मताचा मला आदर आहे. मी स्वतः नवस बोलत नाही. पण पिराला जाणे सोडताना त्या होडीवाल्याशी असलेला संबंधही सुटतो, याचा विचार कोणी करत नाही. दुसरीकडे काही जण म्हणतात, ती त्यांची जागा, आपण कशाला जायचे? अशाने किल्ल्यात शेवटी फक्त तोफा उरतील आणि त्यांच्याजवळ उभे राहून भांडणारे पर्यटक.

शब्द मात्र अजून भांडायला तयार नाहीत. कोळी नाचताना ज्या 'नाखवा'ला हाक मारतात तो फारसी 'नाखुदा' आहे, नावेचा मालक. दर्या, बंदर, लंगर, खलाशी हे सगळे फारसी-अरबीतून आले आणि कोळीवाड्यात राहिले. 'उरूस' हा अरबीत लग्नसोहळ्याचा शब्द. आणि आमच्या घरात बायका होळीला 'शिमगा'च म्हणतात, भरती-ओहोटीला 'भरती-ओहोटी'च.

सहलीनंतरच्या आठवड्यात मी फळ्यावर दोन शब्द लिहिले : आम्ही, आपण. त्या मुलाला उभे केले आणि सांगितले, तुझ्या प्रश्नाचे उत्तर असे. दौलतखान एका बाजूला होता, सिद्दी कासम दुसऱ्या बाजूला. लाय पाटील एका बाजूला होता, सिद्दीच्या गलबतावरचे कोळी दुसऱ्या बाजूला. आणि आत, तटामागे, नानीच्या घरासारखी घरे होती, ज्यांना दोन्हीकडच्या तोफांचा आवाज सारखाच ऐकू यायचा. आपण त्या घरांच्या बाजूने होतो.

मुलगा थोडा वेळ विचार करत राहिला. मग म्हणाला, "सर, मग तो होडीवाला पण 'आपण'मध्ये?"

मी म्हटले, "त्याच्याशिवाय आपण किल्ल्यावर पोहोचलो असतो का?"