खाणीतील बिनतारी यंत्रणेचे स्थलांतर

मध्य प्रदेशातील पांढुर्णा व सौसर हे तालुके २०२३ पर्यंत छिंदवाडा जिल्ह्यात होते. आता ते नव्या पांढुर्णा जिल्ह्यात आहेत. भूशास्त्रात सौसरचे नाव मँगनीजमुळे सर्वपरिचित झाले. ‘सौसर समूह’ म्हणून ओळखले जाणारे खडक छिंदवाड्यापासून नागपूर, भंडारा व बालाघाटपर्यंत पसरले असून देशातील महत्त्वाच्या मँगनीज खाणी याच पट्ट्यात आहेत.

उघड्या खाणीत खोदकाम पुढे सरकते, तसे बिनतारी जाळेही हलवावे लागते. या जाळ्यातील उच्च वारंवारतेच्या लहरी साधारणतः सरळ रेषेत जातात. खड्डा खोल झाला किंवा मध्ये टाकाऊ मातीचा ढीग उभा राहिला की पलीकडे संदेश पोहोचत नाही. म्हणून खड्ड्याच्या काठावर स्थिर मनोरा आणि आत चाकांच्या गाड्यावर सौर पट्टी, विजेरी व ॲंटेना बसवलेले फिरते केंद्र, अशी रचना सोयीची ठरते. भूमिगत खाणीत खडक लहरी शोषून घेतो. तेथे बोगद्यातून लहरी पाझरणारी खास तार टाकतात आणि बोगदा वाढेल तशी ती लांबवतात.

केंद्र हलवताना क्रम महत्त्वाचा असतो. नव्या जागेची आधी संदेशचाचणी घ्यावी, पर्यायी संपर्क सुरू ठेवावा आणि त्यानंतरच जुने केंद्र बंद करावे. सुरुंगाचा इशारा किंवा दरड कोसळल्याची सूचना त्याच वेळी द्यावी लागली, तर संपर्काची पोकळी जिवावर बेतू शकते. विजेवर उडणाऱ्या सुरुंगांजवळ प्रक्षेपक नेणेही धोक्याचे असते. तारांत निर्माण झालेल्या प्रवाहाने सुरुंग अवेळी उडू शकतो.

कायद्याचे बंधनही आहे. २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा २००५ मध्ये, तर ५ गिगाहर्ट्झमधील काही पट्टे २०१८ मध्ये परवानामुक्त झाले. मात्र शक्तीची मर्यादा कायम आहे. त्यामुळे जागा चुकली, तर शक्ती वाढवून ती उणीव भरून काढता येत नाही. परवान्यावर चालणाऱ्या संचांचा स्थिर मनोरा हलवण्यापूर्वी दूरसंचार विभागाची मंजुरी आवश्यक ठरते.

सर्वोच्च न्यायालयाच्या २०१८ मधील निकालानंतर थांबलेल्या गोव्यातील खाणींनाही, त्या पुन्हा सुरू होत असताना, हीच सूत्रे लागू पडतात. विशेषतः पावसाळ्यात खड्ड्यात पाणी साचते, तेव्हा फिरते केंद्र वेळीच उंचावर नेणे हे खाण व्यवस्थापनाचे प्राथमिक कर्तव्य ठरते.