हळदीतील कुरकुमिन: शेतात प्रकाश, साठवणीत अंधार

हिंगोली जिल्ह्यात, विशेषतः वसमत परिसरात, हळद हे प्रमुख नगदी पीक आहे. वसमत हळदीला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. औषधनिर्मितीसाठी हळद घेताना कुरकुमिनचे प्रमाण पाहिले जाते. सुकलेल्या हळदीत ते जातीनुसार साधारण 2 ते 6 टक्के असते. लागवडीनंतर जात बदलता येत नाही, मात्र प्रकाशाचे नियोजन साठवणीपर्यंत आपल्या हाती असते.

शेतातील नियोजन

कुरकुमिन जमिनीखालील कंदात साठते, पण त्यासाठी लागणारे अन्न पाने प्रकाशात तयार करतात.

• हळद विरळ सावली सहन करते. जपानमधील ओकिनावा येथील प्रयोगांत मध्यम सावलीत उत्पादन व कुरकुमिन दोन्ही वाढलेले आढळले. दाट सावलीत मात्र कंद नीट पोसत नाहीत.
• मक्यासारखे उंच व खादाड आंतरपीक टाळावे. मिरची, कोथिंबीर, झेंडू यांसारखी कमी उंचीची पिके घ्यावीत.
• करपा व पानांवरील ठिपके वेळीच आटोक्यात आणावेत. पान करपले की प्रकाश घेणारे क्षेत्र घटते.
• लागवडीनंतर अडीच ते तीन महिन्यांनी भरणी करावी. उघडे पडलेले कंद उन्हाने हिरवे पडतात.

काढणीनंतरची काळजी

तयार झालेले कुरकुमिन प्रकाशात हळूहळू विघटित होते. उलट, शिजवलेली हळद लवकर वाळली नाही तर बुरशी येते. त्यामुळे ऊन हवेच, पण गरजेपुरते.

• शिजवलेली हळद 5 ते 7 सेंमी जाडीच्या थरात पसरावी. थर फार पातळ केल्यास रंग उतरतो.
• रात्री ढीग करून हवा खेळेल अशा पद्धतीने झाकावी. अवकाळी पावसाचा अंदाज असल्यास ताडपत्री तयार ठेवावी.
• वाळण्यास साधारण 10 ते 15 दिवस लागतात. हळकुंड मोडताना खणखणीत आवाज आला की हळद वाळली असे समजावे. त्यानंतर भावाची वाट पाहत ती खळ्यावर ठेवू नये.
• पोती कोरड्या, अंधाऱ्या खोलीत, जमिनीपासून उंच फळ्यांवर ठेवावीत.
• पावडरीचा रंग हळकुंडापेक्षा लवकर उतरतो. म्हणून साठवण हळकुंडांचीच करावी व मागणीनुसार दळावे.
• तपासणीचा नमुना अनेक पोत्यांतून थोडा थोडा घ्यावा आणि पारदर्शक पिशवीऐवजी जाड, अपारदर्शक पाकिटात पाठवावा. उन्हात राहिलेल्या नमुन्यावरून संपूर्ण मालाची प्रत कमी ठरू शकते.