संदेष्ट्यांची वाणी आणि करुणेची संस्था : कैसरियाच्या बेसिल यांचे दुष्काळकालीन कार्य

प्रस्तावना

प्रारंभिक ख्रिस्ती परंपरेचा विचार करताना तिच्यातील सेवाभावावर विशेष भर दिला जातो. परंतु त्या सेवाभावामागे असलेल्या सामाजिक टीकेची दखल तितक्या गांभीर्याने घेतली जात नाही. परिणामी करुणा म्हणजे केवळ व्यक्तिगत दयाबुद्धी, असा समज दृढ होतो. प्रस्तुत निबंधात इ. स. चौथ्या शतकात कप्पदुकिया प्रांतातील कैसरिया (आजच्या तुर्कस्तानातील कायसेरी) येथील बेसिल (सु. ३३०-३७९) यांच्या कार्याच्या आधारे टीका व करुणा यांचे परस्परसंबंध तपासण्याचा प्रयत्न केला आहे. बेसिल यांची प्रवचने, त्यांची पत्रे आणि त्यांचे स्नेही नाझियान्झसचे ग्रेगरी यांनी केलेले स्मृतिभाषण ही या अभ्यासाची मुख्य साधने होत.

वारसा

इ. स. पूर्व आठव्या शतकात आमोस या संदेष्ट्याने इस्राएलातील धनिकांवर कठोर प्रहार केले. मूळचा मेंढपाळ असलेल्या आमोसाच्या मते, गोरगरिबांना क्षुल्लक किमतीला विकणाऱ्या समाजाचे सण-उत्सव व यज्ञबली ईश्वराला मान्य नव्हते. न्यायाविना उपासना व्यर्थ, हे या टीकेचे मर्म होय. हाच सूर पुढे नव्या करारातील याकोबाच्या पत्रात उमटतो. मजुरांची मजुरी अडकवून ठेवणाऱ्या जमीनदारांना तेथे दोषी ठरविले आहे.

ग्रीक-रोमन नगरांतही दानशूरता होती. श्रीमंत नागरिक स्नानगृहे व नाट्यगृहे बांधून देत, धान्य वाटत. मात्र पीटर ब्राऊन यांनी २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात दाखविल्याप्रमाणे, हे दान प्रामुख्याने 'नागरिकां'ना उद्देशून असे. 'गरीब' हा स्वतंत्र वर्ग दात्याच्या दृष्टीसमोर नसे. तो वर्ग समाजाच्या दृष्टिपथात आणण्याचे कार्य चौथ्या शतकातील बिशपांनी केले.

दुष्काळ आणि प्रवचने

इ. स. ३६८-३६९ च्या सुमारास कप्पदुकियात भीषण दुष्काळ पडला. ग्रेगरी यांनी त्याची केलेली मीमांसा आजच्या अभ्यासकालाही विचारप्रवृत्त करते. समुद्रकाठच्या नगरांना बाहेरून धान्य आणता येते. अंतर्भागातील नगरांना ती सोय नसते. तथापि या नैसर्गिक अडचणीपेक्षाही साठेदारांची निष्ठुरता व नफेखोरी अधिक घातक होती, असे ते नोंदवितात. पावसाने ओढ दिली हे खरे. पण बखारी भरलेल्या असताना माणसे उपाशी होती.

बेसिल त्या वेळी बिशप नव्हते, धर्मसेवक होते. दुष्काळावरील प्रवचनाचा आरंभ त्यांनी आमोसाच्याच एका वचनाने केला, ही बाब अर्थपूर्ण आहे. सिंहाची गर्जना ऐकून भय वाटावे आणि ईश्वराची वाणी ऐकून मौन सुटावे, असा त्या वचनाचा आशय आहे. या प्रवचनात भुकेने क्षीण होत जाणाऱ्या देहाचे वर्णन आहे, तसेच प्रार्थनेला लहान मुलांना पाठवून स्वतः व्यापारात गुंतलेल्या प्रौढांची कानउघाडणीही आहे. लूकच्या शुभवर्तमानातील कोठारे मोडून मोठी बांधू पाहणाऱ्या श्रीमंताच्या दृष्टांतावरील दुसऱ्या प्रवचनात, धान्यासाठी आपल्या कोणत्या मुलाला विकावे या विवंचनेत पडलेला बाप ते श्रोत्यांसमोर उभा करतात. गरजेपेक्षा अधिक साठविलेले अन्नवस्त्र मुळातच गरजवंताचे असते, हा त्यांचा सिद्धान्त आहे. म्हणजे न देणे हा केवळ कृपणपणा राहत नाही. तो अन्याय ठरतो. दानाची भाषा येथे हक्काच्या भाषेच्या जवळ येते.

या वाणीला कृतीची जोड होती. ग्रेगरी यांच्या वृत्तान्तानुसार बेसिल यांनी आपल्या शब्दांनी धनिकांची कोठारे उघडविली, स्त्री-पुरुष, मुले व वृद्ध अशा उपासमारग्रस्तांना एकत्र आणले आणि स्वतः सेवेस उभे राहून त्यांना शिजविलेले अन्न दिले.

बेसिलियास

इ. स. ३७० मध्ये बिशप झाल्यावर बेसिल यांनी या कार्याला स्थायी रूप दिले. नगराबाहेर उभी राहिलेली ही वसाहत पुढे 'बेसिलियास' या नावाने ओळखली गेली. प्रांताधिकारी एलियास याला लिहिलेल्या पत्रात प्रवाशांसाठी व रुग्णांसाठी निवास, वैद्य, परिचारक, ओझ्याची जनावरे व विविध कारागीर यांचा उल्लेख येतो. समाजाने दूर लोटलेल्या कुष्ठरोग्यांनाही तेथे आश्रय होता. ग्रेगरी तिला 'नवे नगर' म्हणतात. जुन्या नगराने ज्यांना नागरिक मानले नाही, त्यांच्यासाठी ते नगर होते.

मर्यादा

या कार्याचे मूल्यमापन करताना काही मर्यादा लक्षात घ्याव्या लागतात. बेसिल स्वतः जमीनदार घराण्यातील होते. त्यांचे आवाहन धनिकांच्या सद्सद्विवेकाला होते, मालमत्तेच्या कायद्याला त्याने धक्का लागला नाही. गुलामगिरीच्या मुळावर घाव घालणारी टीका त्यांचे बंधू निस्साचे ग्रेगरी यांच्या लेखनात आढळते. बेसिल तेथवर गेले नाहीत. शिवाय, थिओडोरेट या इतिहासकाराच्या कथनानुसार, सम्राट व्हॅलेन्स याने गरिबांच्या सेवेसाठी त्यांना जमिनी दिल्या. बेथेलच्या राजमान्य मंदिरातून आमोसाला निघून जाण्यास सांगण्यात आले होते. बेसिल यांना मात्र राजाश्रय लाभला व अधिकाऱ्याकडे आपल्या इमारतींचे समर्थनही करावे लागले. संदेष्ट्याची वाणी संस्थेच्या आत आली, तेव्हा तिला साधने मिळाली. त्याचबरोबर सत्तेशी जुळवून घेण्याची गरजही निर्माण झाली.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून असे दिसते की, बेसिल यांची करुणा सामाजिक टीकेतूनच आकारास आली. भूक ही केवळ निसर्गाची आपत्ती नसून माणसांच्या व्यवहाराचे फलित आहे, असे निदान झाल्यामुळेच अन्नदान तात्पुरत्या पुण्यकर्मापुरते न राहता संस्थेपर्यंत पोहोचले. मात्र संस्था टिकली तरी तिला जन्म देणारा प्रश्न टिकेलच, अशी हमी इतिहास देत नाही. बखारी भरलेल्या असताना माणसे उपाशी का, हा प्रश्न ज्या सेवाकार्यातून नाहीसा होतो, तेथे करुणा उरते. संदेष्ट्यांचा वारसा मात्र उरत नाही.