किरारीचा खांब आणि संग्रहालयाचे निरूपण

रायपूरच्या महंत घासीदास स्मारक संग्रहालयात एका लाकडी खांबाचा अवशेष जतन करून ठेवला आहे. सिरपूरच्या धातुमूर्ती पाहून आलेल्या प्रेक्षकाला त्यात प्रथमदर्शनी पाहण्याजोगे फारसे काही आढळणार नाही. तथापि वस्तू आणि तिचे विवेचन यांचे नाते समजून घेण्यासाठी याहून बोलके उदाहरण मिळणे कठीण.

1921 साली तत्कालीन बिलासपूर जिल्ह्यातील किरारी गावचा हीराबांध तलाव आटला, तेव्हा हा खांब गाळातून वर आला. शतकानुशतके पाण्याने राखलेले लाकूड उन्हात पडताच सुकून तडकले आणि वरच्या कपच्यांबरोबर त्यावर कोरलेली ब्राह्मी अक्षरेही गळून गेली. सुदैवाने गावातील पंडित लक्ष्मीप्रसाद उपाध्याय यांनी ती अक्षरे नजरेला दिसली तशी कागदावर उतरून घेतली होती. पुढे हीरानंद शास्त्री यांनी ‘एपिग्राफिया इंडिका’च्या अठराव्या खंडात हा लेख संपादून प्रसिद्ध केला, तो मुख्यतः या नकलेच्या आधारे. अक्षरांच्या वळणावरून त्याचा काळ इसवी सनाचे दुसरे शतक मानला जातो.

या लेखात राजस्तुतीचा डौल नाही. नगररक्षक, सेनापती, प्रतिहार, गणक, भांडागारिक, हत्तीवरचे व घोड्यावरचे स्वार, पाकशाळेचा अधिकारी, गोधनाची देखरेख करणारा, लेख पोहोचविणारा अशा पदांची, ती पदे धारण करणाऱ्यांच्या नावांसह आलेली, ही यादी आहे. एका प्राचीन राज्ययंत्राचा इतका तपशीलवार पट लाकडावर कोरलेला मिळणे ही अपूर्व गोष्ट होय. मात्र आज हा पट खांबावर वाचता येत नाही. तो नकलेत आणि तिच्या संपादनात शिल्लक आहे. वस्तू संग्रहालयात उभी आहे, तिचा अर्थ मात्र ग्रंथात आहे. या दोहोंची गाठ घालून देणे हेच संग्रहालयीन संशोधनाचे आणि प्रदर्शनाची ओळख करून देणाऱ्या व्याख्यानाचे प्रयोजन. कीर्तनात आख्यानाआधी पूर्वरंग यावा, तसे या निरूपणाचे स्थान आहे.

रायपुरात अशा निरूपणाची गरज विशेष भासते, याला इतिहासाचे कारण आहे. राजनांदगावचे अधिपती महंत घासीदास यांच्या औदार्याने 1875 साली हे संग्रहालय उभे राहिले, तेव्हा छत्तीसगडचा कारभार नागपूरहून चाले. त्यापूर्वी 1854 पर्यंत हा प्रदेश नागपूरकर भोसल्यांच्या राज्यात होता. नागपूरचे संग्रहालय 1863 चे. साहजिकच रतनपूरचे काही महत्त्वाचे शिलालेख तिकडे गेले. पहिल्या जाजल्लदेवाचा कलचुरी संवत 866 चा, म्हणजे इसवी सन 1114 चा लेख त्यांपैकीच एक. एका राजवंशाचे लेख अशा रीतीने दोन शहरांत विभागले गेले. ते पुन्हा एकत्र आले ते नागपूरचे महामहोपाध्याय वासुदेव विष्णु मिराशी यांच्या कलचुरी-चेदी लेखांच्या संग्रहात. हा बृहद्ग्रंथ 1955 साली प्रसिद्ध झाला. दगड जिथल्या तिथे राहिले. विद्वत्तेने त्यांना एका मांडवाखाली आणले.

याच सुमारास रायपूरच्या संग्रहालयाने नवी वास्तू पाहिली. राणी ज्योतिदेवी यांच्या देणगीतून उभारलेल्या या इमारतीचे उद्घाटन राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते 1953 साली झाले. त्यानंतरच्या दोन-तीन वर्षांत मोरेश्वर गंगाधर दीक्षित यांच्या मार्गदर्शनाखाली सिरपूरचे उत्खनन होऊन भिक्षू आनंदप्रभाचा विहार उजेडात आला.

मिराशींचा हा संग्रह इंग्रजीत होता. अभ्यासकाला त्यामुळे अडचण आली नाही. पण शिलालेखासमोर उभ्या राहणाऱ्या स्थानिक प्रेक्षकाला तो मुकाच होता. बालचंद्र जैन यांच्या ‘उत्कीर्ण लेख’ या 1961 सालच्या हिंदी पुस्तकाचे मोल इथे कळते. संग्रहालयातील लेख त्यांनी तिथल्या वाचकाच्या भाषेत आणले.

2000 साली छत्तीसगड स्वतंत्र राज्य झाले. संग्रहालयातील वस्तूंकडे आता प्रदेशाच्या अस्मितेची साक्ष म्हणून पाहिले जाते, आणि ते स्वाभाविकही आहे. परंतु अस्मितेला वस्तूचे दर्शन पुरते. ज्ञानाला तिचा पूर्ववृत्तांत हवा असतो. ती कुठे सापडली, कोणी वाचली, वाचताना काय निसटले, हे सांगितल्यावाचून प्रेक्षक केवळ प्राचीनतेपुढे मान लववून परततो.

म्हणून रायपुरात व्याख्यात्याने श्रोत्यांना आधी या निरक्षर झालेल्या खांबापाशी न्यावे आणि सेनापतींची व भांडागारिकांची नावे सांगण्यापूर्वी किरारीच्या पंडितांचे नाव घ्यावे. त्यांनी त्या दिवशी लेखणी उचलली नसती, तर इथे दाखवायला एक जुने लाकूड तेवढे उरले असते.