नई सडकेवरची चारोळी

लष्कर म्हणजे छावणी. १८१० मध्ये दौलतराव शिंद्यांनी ग्वाल्हेरच्या किल्ल्याखाली तळ दिला, त्याचंच शहर झालं. नई सडकेवरच्या आमच्या वाड्यातही पिढ्यान्‌पिढ्या बोलणं एकच: 'एक दिवस देशावर परत जायचंय.'

अंगण मोठं, जेठातलं ऊन जीवघेणं. सावलीसाठी झाड लावायचं ठरलं. आजोबा म्हणाले, "देशी बदाम लावू. भराभर वाढतो, पोरं बदाम फोडून खातील." शेजाऱ्यांनी बेहडा सुचवला, तोही इथल्याच रानातला, उंच होणारा. आजीला नलाची गोष्ट आठवली. "बेहड्यात कली शिरला होता, दारात नको. बदाम पडला समुद्रकाठचा. चारोळी लावा, ती इथल्या मातीतली."

"अगं, ती सावकाश वाढते. फळ धरेपर्यंत आपण इथे असू का?"

"अहो, असणारच! नाहीतर झाड लावायचं तरी कशाला?"

चारोळीच लागली. इथे तिच्या फळाला अचार म्हणतात. उन्हाळ्यात काळी फळं पिकली की वरचा आंबटगोड गर आम्ही पोरं खायचो. आठळ्या वाळवून आजी जात्यावर हलकेच भरडायची. ती चारोळी श्रीखंडात पडायची. आजोबांनीही ते श्रीखंड बरीच वर्षं खाल्लं.

देशावर परत कुणीच गेलं नाही.

तुमच्या वाड्यात कोणतं झाड होतं? जरूर लिहा.