स्थानिक हवामानसेवेचा अस्त : दूरदर्शनचा प्रेक्षक, शेतकरी आणि वाशीची बाजारपेठ

प्रस्तावना

एखादी सार्वजनिक सेवा सुरू होते तेव्हा तिचे उद्घाटन होते, तारीख नोंदवली जाते आणि छायाचित्रे प्रसिद्ध होतात. ती बंद होते तेव्हा बहुधा एक परिपत्रक निघते. महाराष्ट्रातील हवामानविषयक प्रसारणाच्या इतिहासात अलीकडे असे दोन प्रसंग घडले. २०२१-२२ पर्यंत दूरदर्शनच्या जुन्या भूप्रक्षेपण केंद्रांपैकी बहुतेक बंद झाली आणि २०२४ च्या आरंभी जिल्हा कृषी हवामान एकके बंद करण्याचा निर्णय झाला. या दोन्ही घटनांचा एकत्रित विचार केल्यास ‘स्थानिक’ हवामानसेवा म्हणजे नेमके काय, आणि तिला निरोप देणारा माणूस कोण, हे स्पष्ट होते. प्रस्तुत निबंधात हा विचार वाशीच्या बाजारपेठेच्या संदर्भात मांडला आहे.

बाजारपेठ आणि हवामान

महाराष्ट्र कृषी उत्पन्न पणन (नियमन) अधिनियम, १९६३ अन्वये मुंबई कृषी उत्पन्न बाजार समिती १९७७ मध्ये स्थापन झाली. मुंबई शहरातील गर्दीच्या घाऊक मंड्या नवी मुंबईत हलवण्याचे काम त्यानंतर टप्प्याटप्प्याने झाले. १९८१ मध्ये कांदा-बटाटा बाजार वाशीला आला. भाजीपाला व फळांचे बाजार १९९६ मध्ये आले. मसाला आणि धान्य हे आणखी दोन बाजार धरून एकूण पाच बाजारांचा हा समूह आज ‘एपीएमसी मार्केट’ या नावानेच ओळखला जातो.

या बाजाराचे भाव वाशीच्या आकाशावर ठरत नाहीत. नाशिकचा कांदा, पुणे-सातारा भागातील भाजीपाला आणि कोकणातील हापूस येथे येतो. त्यामुळे तेथील पाऊस येथील आवक ठरवतो. पावसाची चाहूल लागली की शेतकरी तयार माल घाईने काढतो, एकाच वेळी गाड्या वाढतात आणि भाव उतरतात. पाऊस पडून गेल्यावर आवक घटते आणि भाव चढतात. परंतु ज्याचा माल भिजला त्याला त्या चढत्या भावाचा उपयोग नसतो. भिजलेला कांदा टिकत नाही आणि पालेभाजी प्रवासातच खराब होते. चुकलेल्या किंवा न मिळालेल्या अंदाजाची किंमत अशा रीतीने अखेर शेतकऱ्याच्या हाती पडणाऱ्या पट्टीवर दिसते.

आकाशवाणी ते दूरदर्शन

भारतीय हवामान विभागाची स्थापना १८७५ ची. पुणे येथे १९३२ मध्ये कृषी हवामानशास्त्र विभाग सुरू झाला आणि १९४५ पासून आकाशवाणीवरून शेतकऱ्यांसाठी हवामानवृत्त प्रसारित होऊ लागले. २ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबई दूरदर्शन केंद्र सुरू झाले. ‘आमची माती आमची माणसं’ या कार्यक्रमाने शेतीला पडद्यावर स्थान दिले, तर मराठी बातम्यांतून हवामानाचा अंदाज घरोघरी पोहोचला. १९८३ मध्ये इन्सॅट-१ बी हा उपग्रह कार्यरत झाल्यानंतर ढगांची चित्रे सामान्य प्रेक्षकाच्याही परिचयाची झाली.

या अंदाजाची एक खास भाषा होती. ‘कोकणात बऱ्याच ठिकाणी, मध्य महाराष्ट्रात काही ठिकाणी, तर मराठवाडा व विदर्भात तुरळक ठिकाणी’ अशा स्वरूपाच्या वाक्यांची प्रेक्षकांना सवय झाली. ‘तुरळक’ म्हणजे विभागातील एक चतुर्थांशापर्यंत ठिकाणी, ‘बऱ्याच’ म्हणजे निम्म्याहून अधिक ठिकाणी, असे त्यांचे शास्त्रीय अर्थ आहेत. मात्र आपले गाव त्या ‘तुरळक’मध्ये येते की नाही, हे प्रेक्षकाला स्वतःच ठरवावे लागे. दूरदर्शनची ही सेवा भाषेने स्थानिक होती, अंदाजाने नव्हती. तिचे सामर्थ्य वेगळ्या गोष्टीत होते. ती ठरलेल्या वेळी, सर्वांना एकाच वेळी आणि विनामूल्य मिळत असे. छपरावरील अँटेना एवढेच तिचे साधन होते. एका घरातील दूरचित्रवाणी संच अनेक घरांचा असल्याने पेरणी, काढणी आणि माल पाठवण्याचे निर्णय चर्चेतून होत.

दोन निरोप

प्रसारभारतीने कालबाह्य झालेल्या सादृश्य भूप्रक्षेपकांपैकी, मोक्याच्या ठिकाणचे सुमारे ५० वगळता, उरलेले सर्व मार्च २०२२ पर्यंत बंद करण्याचे ठरवले. उपग्रह व केबलच्या प्रसारामुळे या प्रक्षेपकांचा प्रेक्षक आधीच ओसरला होता आणि मोकळ्या होणाऱ्या ध्वनिलहरींचे मूल्य मोठे होते. त्यामुळे हा निर्णय तांत्रिकदृष्ट्या समर्थनीय होता. सह्याद्री वाहिनी अन्य मार्गांनी उपलब्ध राहिली. संपले ते केवळ अँटेनावरचे ग्रहण. म्हणूनच या निरोपाची फारशी चर्चा झाली नाही.

दुसरी घटना अधिक गंभीर आहे. २००८ पासून कृषी हवामान सल्ला जिल्हा पातळीवर मिळू लागला. २०१८ पासून ग्रामीण कृषी मौसम सेवेअंतर्गत देशभरातील कृषी विज्ञान केंद्रांत १९९ जिल्हा कृषी हवामान एकके स्थापन झाली. महाराष्ट्रात पालघर जिल्ह्यातील कोसबाड आणि नंदुरबार येथील केंद्रांचा त्यांत समावेश होता. दर मंगळवारी व शुक्रवारी तालुक्याच्या हवामानानुसार फवारणी, पाणी आणि काढणीविषयी मराठीतून सल्ला देणे हे त्यांचे काम होते. तो सल्ला पडद्यावर नव्हे, तर प्रामुख्याने भ्रमणध्वनीवर येई. संकलन व अंदाज स्वयंचलित झाल्याने स्वतंत्र मनुष्यबळाची गरज उरली नाही, असा युक्तिवाद करून २०२४ मध्ये ही एकके बंद करण्यात आली. कृषी हवामानशास्त्रज्ञांनी या निर्णयाच्या फेरविचाराची मागणी केली.

अमेरिकेतील ‘वेदरस्कॅन’ ही केवळ स्थानिक हवामान दाखवणारी वाहिनी १९९९ मध्ये सुरू होऊन डिसेंबर २०२२ मध्ये बंद झाली, तेव्हा हौशी प्रेक्षकांनी तिची चित्रमुद्रणे जपून ठेवली. तेथील प्रेक्षक एका सवयीला निरोप देत होता. येथील शेतकऱ्याच्या दृष्टीने मात्र प्रश्न सवयीचा नव्हता, उद्या माल काढावा की थांबावे याचा होता.

निष्कर्ष

या इतिहासात एक विसंगती आढळते. अंदाज सर्वांना एकत्र मिळत होता तेव्हा तो गावापुरता नेमका नव्हता. तो नेमका होऊ लागला तेव्हा सर्वांसमोरच्या पडद्यावरून वैयक्तिक साधनावर गेला आणि सहा वर्षांतच त्यामागील माणूस काढून घेण्यात आला. यंत्र पावसाचे मिलिमीटर सांगू शकते. त्या पावसात मिरची वाळत घालावी की नाही, हे सांगण्यासाठी पीक आणि तालुका ओळखणारा माणूस लागतो. सेवा बंद करताना खर्चाचा हिशेब मांडला जातो, परंतु तिच्यावर कोण कोणत्या निर्णयासाठी विसंबून होते याची नोंद होत नाही. ही नोंद बाजार समित्या आणि कृषी विज्ञान केंद्रे सहज करू शकतात, कारण आवकेचे दैनंदिन आकडे बाजारात असतात आणि सल्ल्याच्या प्रती केंद्रांत. त्या दोन्ही एकत्र ठेवून पाहिल्याशिवाय एखादी हवामानसेवा अनावश्यक होती असे म्हणणे इतिहासाच्या दृष्टीनेही घाईचे ठरेल.