प्लेगच्या साथीतील दडविलेला रोगी

१८९६ च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात ग्रंथिक सन्निपाताची साथ डॉ. अकासियो गाब्रिएल व्हिएगस ह्यांनी ओळखली. ते मूळचे गोव्याचे. रोगास नाव मिळाले. पण त्यानंतर लोकांनी जे केले ते आम्हां धर्मसेवकांनी मनन करण्याजोगे आहे. त्यांनी आपले आजारी दडविले.

हे केवळ अज्ञानाने घडले, असे म्हणण्याची चाल आहे. आम्हांस ते पटत नाही. ऑक्टोबरात रोग्यास सक्तीने इस्पितळात नेण्याचा हुकूम निघाला, तेव्हा आप्तांपासून तुटण्याची, परक्या हातांत मरण येण्याची भीती घराघरांत शिरली. २९ ऑक्टोबरला गिरणी कामगारांच्या जमावाने आर्थर रोड इस्पितळावर हल्ला केला. पुढील वर्षी पुण्यात शिपाई घरे तपासू लागले. तेथील इस्पितळात स्त्रियांना मिळणाऱ्या वागणुकीविषयी पंडिता रमाबाईंनी जाहीर तक्रार केली, ती त्याच वर्षी.

रोगी दडविला जाई, अखेरच्या घटकेस इस्पितळात पोचे आणि तेथे मरे. मग इस्पितळात गेलेला परतत नाही ही समजूत बळावे आणि पुढचा रोगी अधिकच दडविला जाई. ओळखीचे माणूस सोबत असे तेथे मात्र ही भीती सैल होई. पुण्याजवळ पुत्र डॉ. यशवंत ह्यांच्या दवाखान्यात सावित्रीबाई फुले रोग्यांस स्वतः घेऊन येत. त्या सेवेतच १० मार्च १८९७ रोजी प्लेगने त्या निवर्तल्या. मुंबईतही निरनिराळ्या समाजांनी पुढे आपापली प्लेग-इस्पितळे काढली.

तेव्हा प्लेगवर खात्रीचे औषध नव्हते, म्हणून उशिराची किंमत पुष्कळदा रोगाच्याच खाती पडली. आज तसे नाही. २०१९ साली भारतात क्षयाचे सुमारे २४ लक्ष रोगी नोंदले गेले. करोनाच्या २०२० साली सुमारे १८ लक्ष. क्षय घटला नव्हता. रोगी दवाखान्यापर्यंत पोचले नव्हते. (तैलाभ्यंगासाठी धर्मगुरूंना बोलावणेही असेच लांबविले जाते, ते आले म्हणजे आशा संपली, असा समज! ह्या दोन्ही भीती सख्ख्या बहिणी होत.)

त्या टाळेबंदीत एका कुटुंबासाठी आम्ही दूरध्वनीवरून प्रार्थना केली. वडिलांचा खोकला पलीकडून ऐकू येत होता. तो किती दिवसांचा, हे आम्ही विचारले नाही. चार महिन्यांनी त्यांची थुंकी तपासली गेली, तोवर धाकट्या मुलीसही क्षयाची लागण झाली होती.